जबाबदार माणसाचा थकवा: बलस्थानांवर आधारलेल्या स्वकाळजीचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या कामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलं आहे, आणि त्यातल्या व्यक्तीचे गुण, तास, आकडे त्या रचनेचाच भाग आहेत. प्रश्नावल्या आणि संशोधनाचे उल्लेख मात्र खरे आहेत.

परिस्थिती

वय ४७. जलशुद्धीकरण केंद्रात देखभाल विभागाचे प्रमुख. हाताखाली तीन पाळ्यांत मिळून नऊ माणसं, त्यातली एक जागा आठ महिने रिकामी. घरी पत्नी, शाळकरी मुलगी आणि स्मृतिभ्रंश झालेले वडील. तक्रार अशी: झोपून उठलं तरी थकवा जात नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंग हलत नाही, संध्याकाळी घरच्यांशी बोलायचा कंटाळा येतो आणि केंद्राचा फोन वाजला की छातीत धस्स होतं.

उपाय करून झाले होते. पहाटेची जिम, ध्यानाचं ॲप, रोज रात्री वही लिहिणं, साखर बंद. एकही उपाय तीन आठवड्यांपलीकडे टिकला नाही, आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष तोच: ‘माझ्यात शिस्तच नाही.’ गंमत म्हणजे हाच माणूस बावीस वर्षं एकही पाळी न चुकवता कामावर जातो आणि वडिलांच्या औषधाची वेळ कधी चुकू देत नाही. शिस्तीचा तुटवडा हे निदान इथे बसत नाही. या प्रकरणाची गाठ इथेच होती.

आधी शरीर, मग बाकीचं

थकवा घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘तुमची बलस्थानं कोणती?’ असं विचारणं धोक्याचं आहे. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चालू औषधांचे परिणाम ही कारणं डॉक्टरांनी आधी बाजूला काढायला हवीत. इथे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि रक्तशर्करा तपासली गेली. सगळं मर्यादेत होतं. पत्नीला वेगळं विचारलं: घोरताना श्वास थांबतो का? उत्तर ‘नाही’ आलं. हा प्रश्न जोडीदारालाच विचारावा लागतो, झोपणाऱ्याला ते कळत नाही.

नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० किंवा त्याहून जास्त आले तर सविस्तर तपासणी हवी. इथे ८ आले. या प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण कितीही कमी असले तरी त्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काही आलं, तर हे काम तिथेच थांबवून तज्ज्ञाकडे पाठवायचं. इथे ते शून्य होतं.

झोप सरासरी ५ तास ५० मिनिटं. प्रौढांना साधारण सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते. तेव्हा पुढे जे काही सांगितलं आहे ते या एक तास दहा मिनिटांच्या तुटीच्या वर उभं आहे, हे विसरून चालणार नाही. कुठलंही बलस्थान न झालेली झोप भरून काढत नाही.

ऊर्जेची नोंद कशी घेतली

सात दिवस, त्यात दोन सुट्टीचे. दिवसातून चार वेळा नोंद: उठल्यावर अर्ध्या तासाने, दुपारच्या जेवणाआधी, काम सुटताना, झोपायच्या तासभर आधी. प्रत्येक नोंदीला एक मिनिट. दर तासाची नोंद मागू नये. ती तिसऱ्या दिवशी बंद पडते आणि उरलेले दिवस आठवून भरले जातात, म्हणजे निरुपयोगी होतात.

नोंदीत चार गोष्टी होत्या: गेल्या दोन तासांत मुख्यतः काय केलं, कुणाबरोबर, ते किती चांगलं जमलं (० ते १०), आणि त्यानंतर अंगात किती जोर उरला (उणे ३ ते अधिक ३). जमणं आणि जोर हे दोन आकडे वेगळे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणूस ज्यात हुशार आहे तेच त्याचं बलस्थान असा समज सार्वत्रिक आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलेक्स लिन्ली यांच्या मांडणीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: ते किती चांगलं जमतं, ते किती वापरलं जातं आणि ते वापरल्यावर तरतरी येते का. चांगलं जमतं आणि तरतरी देतं, ते बलस्थान. जमतं पण पिळून काढतं, त्याला ते शिकून घेतलेलं वर्तन म्हणतात. थकलेल्या कर्तबगार माणसांचा दिवस बहुतेक वेळा याच रकान्यात गेलेला असतो.

आठवड्याअखेर कागदावर उमटलेलं चित्र असं होतं. इतरांची लॉगबुकं तपासणं: जमणं ९, जोर उणे २. खरेदीचे आणि विम्याचे कागद: जमणं ८, जोर उणे ३. नव्या ऑपरेटरला डोसिंग पंप (पाण्यात रसायन मोजून सोडणारा) उघडून दाखवणं: ८, अधिक २. बिघाडाचं मूळ शोधणं: ९, अधिक ३. वडिलांना अंघोळ घालणं: ६, शून्य. वडिलांसमोर जुना रेडिओ उघडून बसणं: अधिक २.

यातला अधिक ३ फसवा निघाला. बिघाड शोधताना ते रात्री साडेअकरापर्यंत केंद्रावर थांबले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा उणे ३ होता. आवडीच्या कामाची किंमत बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी वसूल होते. म्हणून प्रत्येक ‘अधिक’च्या शेजारी पुढच्या सकाळचा आकडा लिहायचा. ही सुधारणा न केल्यास बलस्थानांची यादी म्हणजे रात्री जागायची यादी होऊन बसते.

बलस्थानं शोधताना

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ स्वभावगुणांची वर्गवारी मांडली. तिच्यावरची व्हीआयए प्रश्नावली इथे वापरली. वर आलेले पाच गुण: कुतूहल, न्यायबुद्धी, चिकाटी, सारासार विवेक, विनोद. आत्मनियंत्रण बाविसाव्या क्रमांकावर.

हा बाविसावा क्रमांक पाहून ते म्हणाले, ‘बघा, मी सांगत होतो ना!’ इथे दोन गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात. एक, हा क्रम त्या माणसाच्या स्वतःच्या गुणांमधला आपसातला क्रम आहे. बाविसावा म्हणजे दुर्बळ असा अर्थ होत नाही. दुसरी, २००६ मध्ये पार्क, पीटरसन आणि सेलिगमन यांनी ५४ देशांतली उत्तरं तपासली, तेव्हा आत्मनियंत्रण जवळपास सगळीकडे तळाशीच सापडलं. आणि जिम, ध्यान, वही, साखर हे चारही उपाय नेमके याच गुणाकडून मजुरी मागत होते. ठरावीक वेळ, एकटेपण, त्यात शोधण्यासारखं काही नाही, बिघडल्यास जबाबदार मीच. कुतूहल पहिल्या क्रमांकावर असलेल्या माणसाला असा कार्यक्रम देणं हे आखणाऱ्याचं अपयश आहे.

प्रश्नावलीवर थांबलं तर अर्धंच हाती लागतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९८० च्या दशकात चार्ल्स रॅप, डेनिस सॅलिबी आदींनी समाजकार्यासाठी बलस्थानांची जी पद्धत उभी केली, तिच्यात घर, काम, नाती, आरोग्य, फुरसत अशा जीवनाच्या प्रत्येक क्षेत्राला तीन प्रश्न असतात: आज हाताशी काय आहे, पुढे काय हवं आहे, पूर्वी काय उपयोगी पडलं. या माणसाच्या ‘पूर्वी’ने बरंच दिलं. ते रेडिओ दुरुस्त करत, तीन मित्रांबरोबर दर आठवड्याला लांब चालत जात, आणि धाकटी बहीण कागदपत्रांत वाकबगार आहे. बहीणही बलस्थानांच्या यादीत येते, कारण ही पद्धत माणसाच्या आत जितकी पाहते तितकीच त्याच्या भोवतीही पाहते.

गाठ कुठे होती

कामानंतर माणूस कसा सावरतो हे मोजायला सबिने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात चार अंगं आहेत: मनाने कामापासून सुटणं, शिथिल होणं, कामाबाहेर काही नवं आत्मसात करणं आणि मोकळ्या वेळेवर आपला ताबा असणं. इथे पहिलं आणि चौथं अंग तळाला होतं. कारण उघड होतं, फोन. आठवड्यात पाळीबाहेर १९ फोन. त्यातले फक्त तीन असे की ते न उचलता चाललं नसतं.

फोन का उचलला जातो याचं उत्तर आळस, भीती किंवा ‘नाही म्हणता येत नाही’ या नेहमीच्या खणांत शोधलं जातं. इथे तो चिकाटीमुळे आणि सारासार विवेकामुळे उचलला जात होता. दोन्ही त्यांची अस्सल बलस्थानं, फक्त मात्रा जास्त झालेली. विवेक जास्त झाला की एकच लॉगबुक दोनदा तपासलं जातं. चिकाटी जास्त झाली की ‘हे मी संपवूनच उठतो’ रात्री साडेअकराला उठतं. अशा वेळी ‘जरा कमी जबाबदार व्हा’ हा सल्ला कुणी ऐकत नाही, आणि ऐकू नये हेच बरं. तो माणसाला स्वतःच्या सगळ्यात चांगल्या भागाविरुद्ध उभा करतो.

उपयोगी पडतं ते एका बलस्थानाला दुसऱ्याने लगाम घालणं. यादीत न्यायबुद्धी दुसरी होती. म्हणून प्रश्न असा विचारला गेला: ‘रात्री तुम्ही फोनवर उत्तर देता तेव्हा पाळीवरच्या माणसाला स्वतः निर्णय घ्यायची संधी किती वेळा मिळते? आणि बढतीच्या वेळी तुम्ही त्याच्याबद्दल काय लिहिणार?’ बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘हे मी त्यांच्यावर अन्याय करतोय.’ विश्रांतीची गरज सांगून जे तीन वर्षांत झालं नव्हतं, ते या एका वाक्याने सुरू झालं.

योजना

योजना आठ आठवड्यांची, आणि सुरुवातीला फक्त दोन बदल. पाच बदल एकदम सुरू केले की कोणता लागू पडला ते कळत नाही आणि कोणता सोडायचा तेही कळत नाही.

पहिला बदल, फोनचा कागद. तो लिहिताना विवेकाला मनसोक्त काम दिलं. एक पान, तीन भाग. ताबडतोब फोन: पाण्यात उरलेल्या क्लोरिनचं प्रमाण मर्यादेबाहेर जाऊन १५ मिनिटांत परत न येणं, मुख्य आणि राखीव दोन्ही पंप बंद, गळती किंवा कुणाला इजा (आधी आपत्कालीन कार्यपद्धती, मग फोन). सकाळी सातनंतर निरोप: एक पंप बंद पण राखीव चालू, सुटा भाग संपणं. फक्त लॉगबुकात: बाकी सगळं. या फोनसाठी वेगळा क्रमांक आणि साधा हँडसेट घेतला. स्मार्टफोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. आत्मनियंत्रणावर भार टाकायचा नाही याचा व्यवहारातला अर्थ हा: मोह आवरण्याऐवजी वस्तूची जागा बदलायची.

दुसरा बदल, चालणं. आठवड्यात चार दिवस, २५ मिनिटं, पण दर वेळी एक प्रश्न घेऊन: या भागातलं पावसाचं पाणी कुठून कुठे जातं? या रस्त्यावरची सगळ्यात जुनी झाकणं कोणती? व्यायामाचं नाव काढायचं नाही. चारपैकी एक दिवस जुन्या मित्राबरोबर, कारण विनोदाला दुसरं माणूस लागतं.

सेलिगमन, स्टीन, पार्क आणि पीटरसन यांच्या २००५ च्या प्रयोगात आपली वरची बलस्थानं आठवडाभर रोज नव्या पद्धतीने वापरणाऱ्यांचा आनंद वाढलेला आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली सहा महिन्यांनंतरही दिसली; बलस्थानं नुसती ओळखून ती जास्त वापरा एवढंच सांगितलेल्या गटात तसा टिकाऊ फरक दिसला नाही. म्हणून ‘नवी पद्धत’ या दोन शब्दांवर योजनेचा भर होता. ‘तुम्ही जिज्ञासू आहात’ एवढं सांगून माणसाला घरी पाठवू नये.

दोन्ही बदलांना ‘जर–तर’ची वाक्यं जोडली. पीटर गोलविट्झर यांच्या कामातून आलेली ही साधी युक्ती आहे: वेळ किंवा प्रसंग आणि कृती एका वाक्यात बांधायची. ‘जर पाळीबाहेर केंद्रातून फोन आला, तर पहिलं वाक्य म्हणेन: कागदावर हे कुठल्या भागात येतं?’ ‘जर गाडी फाटकातून बाहेर पडली, तर उद्याची तीन कामं बोलून रेकॉर्ड करीन आणि फोन मागच्या सीटवर ठेवीन.’ दुसऱ्या वाक्यात ‘गाडी थांबवून’ हे शब्द राहून गेले होते, ते पुढच्या भेटीत घातले. अशी वाक्यं मोठ्याने वाचून पाहावीत. घाईत लिहिलेल्या वाक्यात धोका लपलेला असतो.

तिसरा आठवडा संपल्यावर वडिलांच्या विम्याचे आणि दवाखान्याचे कागद बहिणीकडे गेले. अंघोळ आणि रेडिओ त्यांच्याकडेच राहिले. सेवा दमवते असं सरसकट म्हटलं जातं, पण नोंदीत दमवणारे कागद होते, वडील नव्हते. नोंद नसती तर बहुधा उलटच वाटणी झाली असती.

काय बिघडलं

दुसऱ्याच आठवड्यात चालण्याची स्प्रेडशीट तयार झाली. चौदा रकाने, नकाशा, गटारांची वर्गवारी, आणि ती भरायला रात्रीचे पावणेबारा. कुतूहलाचीही मात्रा जास्त होते, याची ही पावती. नियम ठरला: चालण्याबद्दल काही लिहायचं तर चालतानाच, कागदाच्या एका चिठ्ठीवर. चिठ्ठी भरली की संपलं.

चौथ्या आठवड्यात एका पाळीत क्लोरिनचं एक वाचन चार तास राहून गेलं. पाणी मर्यादेतच होतं, स्वयंचलित नोंद सुरू होती, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे फोन परत स्वतःकडे घेतले. ही घसरण जवळजवळ प्रत्येक अशा प्रकरणात येते आणि साधारण याच सुमारास, म्हणजे सोपवलेल्या कामात पहिली चूक होते तेव्हा. दोष शोधण्याची त्यांची हातोटी इथे कामी आणली: ‘पंप बिघडला असता तर तुम्ही मूळ कारण शोधलं असतं. इथेही शोधा.’ मूळ कारण निघालं की कागद फक्त दोन पाळ्यांना समजावला गेला होता. तिसऱ्या पाळीला तो भिंतीवर चिकटवलेला दिसला, एवढंच. पाळीवरच्या माणसांना वाटत होतं की साहेब अंग काढून घेत आहेत. मग पाऊण तासाची बैठक झाली, कागदात दोन ओळी बदलल्या आणि फोन पुन्हा कागदाप्रमाणे सुरू झाले. हे आधीच व्हायला हवं होतं. एकाच्या स्वकाळजीचा भार दुसऱ्यावर पडतो तेव्हा त्या दुसऱ्याशी बोलणं हा योजनेचा पहिला भाग असतो.

रिकाम्या जागेबद्दल मात्र कुठल्याही बलस्थानाने काही होण्यासारखं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गवारीत बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, आजार म्हणून नोंदलेलं नाही. ती नोकरीशी जोडलेली स्थिती आहे, आणि तिचं कारण म्हणून कामावरचा सतत राहिलेला, न हाताळला गेलेला ताण दिलेला आहे. आठ जणांकडून नऊ जणांचं काम करून घ्यायचं आणि त्यांना बलस्थानांची कार्यशाळा द्यायची, हा या पद्धतीचा सर्रास होणारा गैरवापर आहे. त्यांनी पाळीबाहेरच्या फोनांची आठवडानिहाय मोजणी जोडून जागा भरण्यासाठी लेखी मागणी केली. न्यायबुद्धी आणि आकडे, दोन्ही त्यात होते.

आठ आठवड्यांनी

पाळीबाहेरचे फोन १९ वरून ५. झोप ६ तास ४० मिनिटं, म्हणजे अजूनही कमीच. काम सुटतानाच्या ऊर्जेची सरासरी उणे १.६ वरून उणे ०.३. पीएचक्यू-९ चे गुण ८ वरून ५. हा तीन गुणांचा फरक लहान आहे आणि नुसत्या चांगल्या आठवड्यानेही पडू शकतो. चालणं चारऐवजी सरासरी तीन दिवस. लॉगबुकं तपासण्याचा आकडा होता तिथेच राहिला, उणे २. ते काम टळणारं नव्हतं. ते दिवसाच्या शेवटी न ठेवता सकाळी नऊला, आणि लगेच पुढे नव्या ऑपरेटरचं प्रशिक्षण, अशी जोडी लावली. पिळणाऱ्या कामामागे तरतरी देणारं काम लावल्याने पहिलं हलकं होत नाही, पण संध्याकाळी निघताना शेवटी हातात पिळणारं काम राहत नाही.

या सुधारणेचं श्रेय सगळं योजनेला देता येत नाही. सहाव्या आठवड्यात त्यांनी पाच दिवस रजा घेतली होती, आणि याच काळात केंद्रावर मोठी देखभाल नव्हती. एका माणसाच्या प्रकरणात ही कारणं वेगळी काढता येत नाहीत. फोनांची संख्या आणि झोप मात्र रजेच्या आधीच बदलायला लागली होती, एवढं नोंदीवरून सांगता येतं.

पुढच्या पाठपुराव्यासाठी तीन खुणा ठरल्या: आठवड्यात पाळीबाहेरचे फोन आठच्या वर जाणं, सलग तीन रात्री सहा तासांहून कमी झोप, किंवा चिठ्ठीची पुन्हा स्प्रेडशीट होणं. यातली कुठलीही दिसली की सात दिवसांची चार-वेळा नोंद पुन्हा सुरू करायची. या खुणा ओळखायचं काम पत्नीकडे दिलं आहे, कारण तिसरी खूण त्यांना स्वतःला दिसणार नाही. वार्षिक देखभालीच्या तीन आठवड्यांसाठी वेगळा कागद लागेल. त्या काळात रात्रीचे फोन टळणार नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा येण्याची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवायची आहे.